सुरत, सचिन आणि मद्याचा हक्क

शहरातील जुन्या वास्तू जाणकार मार्गदर्शकाच्या सोबतीने पायी पाहत जायचे, ठरावीक ठिकाणी थांबून तिथल्या मद्याचा, बहुधा व्हिस्कीचा, एकेक घोट चाखायचा आणि त्या निमित्ताने शहराचा व्यापार व समाज समजून घ्यायचा, हा पर्यटनाचा प्रकार स्कॉटलंडमधील एडिंबरासारख्या शहरांत चांगला रुजलेला आहे. सुरतेत आणि सुरतेच्या दक्षिणेस सुमारे १५ किलोमीटरवर असलेल्या सचिन येथे अशी सहल काढता येत नाही, कारण गुजरातेत दारूबंदी आहे आणि परवानाधारकालाही चारचौघांत मद्य घेण्याची मोकळीक नाही. तरीही मद्याच्या इतिहासाचा विचार करता पश्चिम भारतात सुरतेइतका जुना आणि गुंतागुंतीचा परिसर क्वचितच सापडेल. या इतिहासाकडे व्यसन आणि संयम यांच्या झगड्याची गोष्ट म्हणून पाहण्याची सवय पडली आहे. प्रत्यक्षात त्याच्या केंद्रस्थानी हक्काचा प्रश्न होता. मद्य कोणी गाळायचे, कोणी विकायचे आणि त्याचा महसूल कोणाच्या तिजोरीत जायचा, या प्रश्नाची उत्तरे गेल्या चार शतकांत अनेकदा बदलली आणि प्रत्येक बदलाचा भार प्रामुख्याने गरिबांवर पडला.

मराठी वाचकाच्या मनात सुरत म्हटले की १६६४ आणि १६७० या सालांतील शिवाजी महाराजांच्या स्वाऱ्या उभ्या राहतात आणि त्यामागचे कारण, म्हणजे या बंदराची अफाट संपत्ती, हेही ओघाने आठवते. विल्यम हॉकिन्स १६०८ मध्ये सुरतेला आला, १६१२ मध्ये सुवाळीच्या समुद्रात इंग्रजांनी पोर्तुगीजांना मागे रेटले, १६१३ मध्ये इंग्रजांची वखार कायम झाली आणि पुढच्या काळात डच, नंतर फ्रेंच असे इतर युरोपीय व्यापारीही येथे स्थिरावले. वखार म्हणजे माल साठवण्याचे कोठार आणि व्यापाऱ्यांचे निवासस्थान अशी एकत्र वास्तू. तिच्यात कुटुंबापासून दूर राहणाऱ्या तरुण कारकुनांचे आयुष्य कडक शिस्तीत आणि बऱ्याच मद्यात जात असे. मायदेशाची द्राक्षमद्ये जहाजातून येईपर्यंत महाग होत आणि उष्ण हवेत अनेकदा बिघडत. त्यामुळे या लोकांनी स्थानिक मद्य, म्हणजे ताडीपासून किंवा गुळापासून ऊर्ध्वपातनाने काढलेला अर्क, जवळ केला. आंबलेला द्रव तापवून त्याची वाफ थंड करून पुन्हा द्रवात उतरवण्याच्या क्रियेला ऊर्ध्वपातन म्हणतात. धान्य आंबवून असे ऊर्ध्वपातन केले आणि ते मद्य लाकडी पिंपात वर्षानुवर्षे मुरवले की व्हिस्की होते. सुरतेच्या अर्काला असे मुरवणे माहीत नव्हते. तो ताजाच घेतला जाई आणि त्याची तिखट धार मारण्यासाठी त्यात इतर पदार्थ मिसळले जात.

या मिश्रणातूनच पंच नावाचे पेय प्रचारात आले. १६३८ मध्ये सुरतेस आलेल्या मांडेल्स्लो या जर्मन प्रवाशाने इंग्रज वखारीत मद्यार्क, गुलाबपाणी, लिंबाचा रस आणि साखर यांचे मिश्रण घेतले जात असल्याचे नोंदवले आहे. दर शुक्रवारी प्रार्थनेनंतर वखारीतील मंडळी जमत आणि मायदेशी राहिलेल्या पत्नींच्या आरोग्याच्या नावाने पेले उचलत, असेही त्याच्या वर्णनात आहे. पुढे लंडनच्या पानगृहांत प्रतिष्ठा पावलेले हे पेय हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरील वखारींत घडले, ही गोष्ट मद्याचा इतिहास युरोपपासूनच सुरू करणाऱ्यांनी लक्षात घेण्यासारखी आहे.

शहरात मद्य विकण्याचा व्यवहारही जुना होता. जहांगीर बादशहाच्या दरबारी इंग्रजांचा वकील म्हणून आलेला सर टॉमस रो १६१५ मध्ये सुरतेस उतरला, तेव्हा त्याचा स्वयंपाकी पहिल्याच दिवशी एका आर्मेनियन ख्रिस्ती विक्रेत्याच्या घरी जाऊन मद्य प्यायला, परतताना तलवार उपसून रस्त्यात उभा राहिला आणि समोरून घोड्यावर येणाऱ्या सुभेदाराच्या भावाला त्याने शिवी दिली, अशी हकिगत रोचा धर्मोपदेशक एडवर्ड टेरी याने लिहून ठेवली आहे. स्वयंपाकी कैद झाला. रोने त्याला पाठीशी घालण्यास नकार दिला आणि शिवी खाल्लेल्या गृहस्थाने त्याला अखेर सोडून दिले. या प्रसंगात मोगल अधिकाऱ्याचा जो संयम दिसतो तो टेरीनेही मान्य केला आहे. मद्यविक्री आर्मेनियनांसारख्या मुसलमानेतर व्यापाऱ्यांच्या हाती होती आणि शहराच्या अंमलदारांना ती ठाऊक होती, हेही या हकिगतीवरून स्पष्ट होते.

पायी भटकंतीचा विचार करता टॉम कोरियट या इंग्रजाचा उल्लेख टाळता येत नाही. १६०८ मध्ये युरोपात मोठा पायी प्रवास करून त्यावर ग्रंथ लिहिणारा हा मनुष्य पुढे जेरुसलेमहून इराणमार्गे पायी चालत १६१५ मध्ये अजमेरच्या मोगल छावणीत पोहोचला आणि १६१७ च्या डिसेंबरात सुरतेस आला. तेव्हा तो अतिसाराने अशक्त झाला होता. इंग्लंडहून आलेल्या सॅक या स्पॅनिश द्राक्षमद्याचे नाव ऐकताच त्याने ते मागितले आणि त्यानंतर त्याचा आजार बळावून त्याचा अंत झाला, असे टेरी सांगतो. हजारो मैल जवळपास रिकाम्या खिशाने चाललेल्या या प्रवाशाचा शेवटचा मुक्काम सुरत ठरला.

मद्य चाखत केलेल्या स्थलदर्शनाचे अत्यंत जवळचे जुने उदाहरण मात्र डच स्मशानभूमीत सापडते. १६६६ मध्ये सुरतेस आलेल्या थेव्हनो या फ्रेंच प्रवाशाने तेथील एका थडग्याचे वर्णन केले आहे. बटाव्हियाच्या, म्हणजे आजच्या जकार्ताच्या, डच गव्हर्नर जनरलने हिंदुस्थानात धाडलेल्या एका मद्यपी डच गृहस्थाचे ते थडगे होते. त्याच्या मनोऱ्याच्या टोकाला दगडाचा मोठा पेला होता, खाली चारही कोपऱ्यांवर एकेक पेला होता आणि प्रत्येक पेल्याशेजारी साखरेच्या शंकूसारख्या ढेपेची आकृती कोरलेली होती. डच मंडळी मौजेसाठी तेथे येत, त्या दगडी पेल्यांत पेये मिसळत आणि लहान पेल्यांनी ती काढून पीत, असे थेव्हनो लिहितो. साखरेची ढेप तेथे का कोरली याचे स्पष्टीकरण पंचाच्या घटकांत आहे. मृताच्या स्मृतिस्थळी जमून, त्याच्या आवडीचे पेय घेत त्याची आठवण काढण्याचा हा प्रकार त्या काळच्या युरोपीय वसाहतीतील एकाकीपणाचीही साक्ष देतो. कारण ज्या गावी माणसे तरुणपणीच तापाने मरत, तिथे स्मशान हेच समाजाच्या एकत्र येण्याचे ठिकाण होणे स्वाभाविक होते. याच डच स्मशानात १६९१ मध्ये मृत्यू पावलेल्या व्हॅन रीडचे, म्हणजे मलबारच्या वनस्पतींवरील सुप्रसिद्ध ग्रंथमालिकेच्या कर्त्याचे, भव्य समाधिस्थान आजही उभे आहे, तर इंग्रज स्मशानात १६५९ मध्ये वारलेला ख्रिस्तोफर ऑक्सेंडन आणि १६६४ मध्ये शिवाजी महाराजांच्या स्वारीच्या वेळी वखार लढवणारा त्याचा भाऊ जॉर्ज यांची समाधी आहे.

सचिनचा इतिहास या बंदराशी आणि पुण्याच्या दरबाराशी एकाच वेळी जोडलेला आहे. जंजिऱ्याचे सिद्दी हे मोगलांचे आरमारी सरदार. त्यांच्या आरमाराच्या खर्चासाठी सुरतेच्या महसुलातून तनखा, म्हणजे ठरावीक वार्षिक रक्कम, दिली जात असे आणि त्यामुळे अठराव्या शतकात सुरतेच्या राजकारणात सिद्दींचा दबदबा निर्माण झाला. जंजिऱ्याच्या गादीच्या तंट्यात डावलला गेलेला अब्दुल करीम, ऊर्फ बालू मियाँ, पेशव्यांच्या आश्रयास आला आणि १७९१ मध्ये झालेल्या करारानुसार त्याने जंजिऱ्यावरील आपला हक्क पेशव्यांना द्यावा व त्या बदल्यात सुरतेजवळ सुमारे ७५,००० रुपये उत्पन्नाचा मुलूख घ्यावा, असे ठरले. जंजिरा पेशव्यांच्या हाती कधीच आला नाही, पण सचिन संस्थान मात्र जन्मास आले आणि ते १९४८ मध्ये मुंबई राज्यात विलीन होईपर्यंत टिकले. क्षेत्रफळाने जेमतेम ४९ चौरस मैलांचे हे संस्थान एकसंध नव्हते. त्याची गावे सुरत जिल्ह्याच्या चोर्यासी व जलालपूर तालुक्यांत विखुरलेली होती, काही इंग्रजी मुलखाने तर काही गायकवाडांच्या बडोदे संस्थानाच्या मुलखाने वेढलेली होती. एखाद्या शेतमजुराला अर्ध्या दिवसाच्या चालीत तीन राजवटींच्या हद्दी ओलांडाव्या लागत, ही गोष्ट पुढील अबकारीचा इतिहास समजण्यासाठी महत्त्वाची आहे.

या परिसरातील सामान्य माणसाचे पेय पंच नव्हते आणि व्हिस्की तर नव्हतेच. किनाऱ्यालगतच्या सपाट भागात खजुरीची, म्हणजे रानटी खजुराच्या झाडाची, ताडी आणि पूर्वेकडील डोंगराळ भागात मोहाची दारू, अशी साधारण विभागणी होती. खजुरीच्या शेंड्याखाली खाच पाडून मडके बांधले की रात्रभर रस गळतो. पहाटे तो गोड असतो, तेव्हा त्याला नीरा म्हणतात, आणि ऊन चढू लागताच तो आपोआप आंबून त्याची ताडी होते. मोहाची दारू करण्यासाठी उन्हाळ्याच्या तोंडी गळणारी मोहाची फुले वाळवतात, काही दिवस पाण्यात भिजवून आंबवतात आणि मातीच्या मडक्याला नळी लावून चुलीवर गाळतात. चौधरी, गामित, धोडिया, कोकणा या आदिवासी समाजांत लग्न, मर्तिक आणि देवकार्य या प्रत्येक प्रसंगी हे मद्य देवाला वाहिले जाई आणि मग सर्वांनी वाटून घेतले जाई. पावसाळ्यापूर्वीच्या ओढग्रस्तीच्या दिवसांत मोहाची फुले आणि ताडी यांनी पोटालाही आधार मिळे, ही बाब तर सरकारी अधिकाऱ्यांच्याही परिचयाची होती. मद्य गाळणे हा येथे धंदा नव्हता. ते घरकाम होते.

मुंबई अबकारी कायदा १८७८ मध्ये आला आणि या घरकामाचा गुन्हा झाला. अबकारी म्हणजे मद्य व मादक पदार्थांवरील सरकारी कर व नियंत्रण. या कायद्याने गावोगावच्या भट्ट्या बंद करून सरकारी देखरेखीखालील मोठ्या भट्टीत मद्य गाळण्याची, ते मक्तेदाराकरवी विकण्याची आणि ताडीच्या प्रत्येक झाडावर कर बसवण्याची व्यवस्था रूढ केली. ज्याच्या शेताच्या बांधावर खजुरी उभी होती त्याला स्वतःच्या झाडाचा रस काढण्यासाठी परवाना हवा झाला. मराठी मुलखात ठाणे व कुलाबा जिल्ह्यांसाठी १८९२ मध्ये मोहाच्या फुलांवर निर्बंध घालणारा स्वतंत्र कायदा करण्यात आला, तोही याच धोरणाचा पुढचा टप्पा होता. डेव्हिड हार्डीमन या इतिहासकाराने दक्षिण गुजरातेतील या बदलाचा सखोल अभ्यास केला असून, रूढीचे गुन्ह्यात रूपांतर कसे झाले हा त्याच्या मांडणीचा गाभा आहे. त्याचा हा निष्कर्ष स्वीकारावा लागतो, कारण कायद्याचा परिणाम पिण्याचे प्रमाण घटण्यात झाला नाही. पूर्वी घरी फुकट मिळणारी वस्तू दुकानातून उधारीवर घेण्याची पाळी मात्र आली.

ही दुकाने प्रामुख्याने पारशी व्यापाऱ्यांच्या हाती होती. पारशी समाजात मद्याला धार्मिक निषेध नसल्याने हा धंदा त्यांच्याकडे जाणे सोपे होते आणि सुरत-नवसारी पट्ट्यात तो पिढ्यान्‌पिढ्या चालला. उधारीच्या वसुलीतून दुकानदार सावकार झाला आणि सावकारीतून आदिवासींच्या जमिनीचा मालक झाला, असे अनेक गावांत घडले. यासाठी एका समाजाला दोषी धरणे अन्याय्य ठरेल, कारण मक्त्याची पद्धत सरकारने घडवली होती आणि तिचा मोठा लाभ सरकारी तिजोरीलाच होता. मुंबई इलाख्याच्या उत्पन्नात अबकारीचा वाटा जमिनीच्या साऱ्याखालोखाल मोठा होता. सचिन आणि बडोदे यांसारख्या संस्थानांच्या हद्दी मधोमध असल्यामुळे एका हद्दीत मद्य स्वस्त झाले की दुसऱ्या हद्दीतले गिऱ्हाईक तिकडे वळे. म्हणून मुंबई सरकार शेजारच्या संस्थानांवर अबकारीचे दर आपल्याशी जुळवून घेण्यासाठी दबाव टाकी आणि त्यांच्याशी करार करी.

या व्यवस्थेला पहिले मोठे आव्हान कोणत्याही राजकीय पक्षाने दिले नाही. ते एका देवीने दिले. पालघरच्या किनाऱ्यावरील कोळी समाजात उगम पावलेली एक देवी अंगात येऊन लोकांना आज्ञा देते, अशी श्रद्धा डोंगरी भागांतून गावोगाव पसरत गेली आणि १९२२ च्या नोव्हेंबरात ती सुरत जिल्ह्यात पोहोचली. सलाबाई या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या देवीच्या आज्ञा साध्या होत्या: दारू व ताडी सोडा, मांस-मासळी सोडा, रोज अंघोळ करा, दारूच्या दुकानदाराचे काम करू नका. हजारो आदिवासी एकत्र जमून या आज्ञा ऐकत आणि पाळत. काँग्रेसचे कार्यकर्ते या चळवळीत नंतर आले आणि त्यांनी देवीच्या आज्ञांमध्ये खादीची भर घातली. मूळ प्रेरणा मात्र आदिवासींची स्वतःची होती. मद्याचा त्याग येथे नीतीच्या उपदेशातून आला नव्हता. ज्या वस्तूच्या मार्गाने जमीन हातची गेली ती वस्तू नाकारून दुकानदाराची पकड सोडवण्याचा तो जाणता निर्णय होता. ही चळवळ मराठी किनाऱ्यावरून गुजरातेत गेली, हे मराठी वाचकांनी विशेष जाणून घ्यावे, कारण आपल्या शालेय इतिहासात तिला जवळपास स्थान नाही.

१९३० च्या दांडीयात्रेने हा प्रदेश देशाच्या नजरेसमोर आणला. एप्रिलच्या आरंभी सुरतेतून निघालेले गांधीजी दिंडोली, सचिनच्या परिसरातील वांझ आणि नवसारी या मार्गाने दांडीस गेले. मिठाच्या सत्याग्रहानंतर लगेच त्यांनी जलालपूर भागात ताडीची झाडे तोडण्याचे आणि दारूच्या दुकानांसमोर निदर्शने करण्याचे कार्यक्रम पुढे आणले आणि निदर्शनांचे काम स्त्रियांवर सोपवले. त्या कामाचे नेतृत्व करणाऱ्यांत मुंबईच्या धनाढ्य पारशी घराण्यातील मिठूबेन पेटिट अग्रभागी होत्या. पुढे त्यांनी सचिनच्या लगतच्या मरोली येथे आश्रम स्थापन केला आणि आदिवासी व मजूर स्त्रियांसाठी आयुष्य वेचले. दुकानदार पारशी आणि त्याच्या दारात उभी राहणारीही पारशी, हे दृश्य या धंद्याकडे जातीच्या चष्म्यातून पाहणाऱ्यांना उत्तर देण्यास पुरेसे आहे. ताडीची झाडे तोडण्याचा कार्यक्रम मात्र निर्दोष म्हणता येत नाही. नीरा, गूळ, पाने आणि झाडू देणारे झाड त्यात नष्ट झाले आणि ताडी काढणाऱ्यांची उपजीविका बुडाली.

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने १९४९ मध्ये दारूबंदी कायदा केला आणि १९५० पासून संपूर्ण राज्यात बंदी लागू झाली. एफ. एन. बलसारा यांनी या कायद्याला आव्हान दिले. सर्वोच्च न्यायालयाने १९५१ मध्ये औषधे व प्रसाधने यांतील मद्यार्कासंबंधीचे काही भाग रद्द ठरवून कायद्याचा मुख्य सांगाडा कायम ठेवला. १९६० मध्ये राज्याचे विभाजन झाले तेव्हा हाच कायदा महाराष्ट्र आणि गुजरात या दोघांच्याही वाट्याला आला. महाराष्ट्राने परवान्यांच्या मार्गाने बंदी हळूहळू शिथिल केली, गुजरातने ती कायम ठेवली. एकाच कायद्याच्या दोन वाटा कुठे फुटतात हे पाहायचे असेल तर सुरत-भुसावळ लोहमार्गावरील नवापूर स्थानकात जावे. तिथे राज्याची सीमा फलाटामधूनच जाते, एक बाक अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत आहे आणि त्याच्या एका टोकाला जे बाळगणे परवान्याने वैध आहे, ते दुसऱ्या टोकाला गुन्हा ठरते. खानदेशातून सुरतेच्या यंत्रमागांवर आणि सचिनच्या औद्योगिक वसाहतीत कामाला येणारी मराठी कुटुंबे हीच सीमा ओलांडून येतात. बंदीचा जाच त्यांना आणि स्थानिक मजुरांनाच अधिक होतो. ज्याच्याजवळ पैसा आणि ओळख आहे त्याला आरोग्याच्या कारणाने परवाना मिळू शकतो किंवा दमणचा रस्ता धरता येतो, मजुराच्या वाट्याला चोरून गाळलेली, कधी विषारी ठरणारी दारू येते. २०२३ च्या डिसेंबरात गांधीनगरजवळच्या गिफ्ट सिटी या आर्थिक वसाहतीत हॉटेलांमधून मद्य देण्याची मुभा सरकारने दिली, तेव्हा हक्काचा जुना प्रश्न पुन्हा त्याच रूपात समोर आला: सवलत कोणाला आणि शिक्षा कोणाला.

ताडीने सुरतेच्या खाद्यसंस्कृतीवर उमटवलेला ठसा बंदीनेही पुसला गेला नाही. डच व्यापारी शहर सोडून गेल्यानंतर त्यांच्याकडे काम करणाऱ्या फरामजी पेस्तनजी दोटीवाला या पारशी गृहस्थाने त्यांची बेकरी पुढे चालवली, असे या पेढीचा इतिहास सांगतो. पाव फुगवण्यासाठी तेव्हा यीस्टच्या जागी ताडी वापरली जाई. ताडीमुळे टिकाऊ झालेला पाव वाळवून खाण्याची चाल पडली आणि त्यातून सुरती बटर, म्हणजे आज घरोघरी चहात बुडवून खाल्ली जाणारी कडक बिस्किटे, तयार झाली.

सुरत महानगरपालिकेने सोळाव्या शतकातील किल्ला दुरुस्त करून लोकांसाठी खुला केला आहे, १६४४ मध्ये बांधलेली मुघल सराई पालिकेचे कार्यालय म्हणून आजही वापरात आहे, डच, इंग्रज व आर्मेनियन स्मशाने पुरातत्त्व विभागाच्या संरक्षणाखाली आहेत आणि या ठिकाणांना भेट देणाऱ्या पायी वारसा-सहलीही निघतात. सचिनही २०२० पासून महानगरपालिकेच्या हद्दीत आले आहे. या सहली आज किल्ल्यापासून स्मशानापर्यंत जाऊन थांबतात. त्या सचिन, वांझ आणि मरोलीपर्यंत न्याव्यात, थेव्हनोने वर्णिलेल्या दगडी पेल्यांसोबतच १८७८ चा कायदा, १९२२ ची देवी आणि १९३० ची निदर्शने यांची माहिती मराठी, गुजराती व हिंदी या तिन्ही भाषांतील फलकांवर लावावी आणि पहाटे काढलेली गोड नीरा, जिची विक्री गुजरातेत आजही कायदेशीर आहे, पाहुण्यांना चाखायला द्यावी, एवढी विनंती महानगरपालिकेला आणि शहरातील अभ्यासकांना करणे योग्य ठरेल.